चौदा नंबरची पेटी

पार्सिपनी, न्यू जर्सी
७ ऑक्टोबर २०२५

चि. विनय, चि. सौ. आश्लेषा, चि. वीणा आणि चि. सौ. रेणू,
सर्वांस प्रभूमध्ये सलाम व अनेक उत्तम आशीर्वाद.

जिचे तळपाय ॲरिझोनाच्या डांबरावर भाजले आणि चार महिन्यांनी जिचा जीव गेला, त्या माउलीची आपण माणसं आहोत. विनय, तू तिचा मुलगा. आश्लेषा, तू सून. वीणा, तू बहिणीची मुलगी असून तिच्याच पदराखाली वाढलीस. आपल्या सगळ्यांच्या उरात एकच सल आहे आणि वर्ष होत आलं तरी कोणी तो बोलून दाखवत नाही. एका घराचं दार उघडं राहिलं. ते घर रेणूचं होतं.

हे पत्र मी रेणूलाही पाठवते आहे. पाठीमागे बोलणं बाबांना खपत नसे. नगरच्या मिशन शाळेत तीस वर्षं हेडमास्तरकी केलेल्या त्या माणसाचा नियम तुम्हाला आठवत असेल. राग तोंडाने काढायचा नाही, कागदावर काढायचा आणि स्वतः जाऊन पोस्टात टाकायचा. ज्याला पत्र आलं त्याने उत्तर द्यायचं. आणि भावंडांचा एकमेकांना सलाम झाल्याशिवाय प्रभूभोजनाच्या भाकरीला कोणी हात लावायचा नाही.

तो सलाम मी परवा केला. रविवारी चर्चमध्ये, आमच्या मराठी मंडळीत, भाकर फिरण्याआधी साक्ष द्यायला उभी राहिले. साठ माणसं समोर होती, लाइव्ह पाहणारी वेगळी. मी नाव घेऊन सांगितलं, की माझ्या धाकट्या बहिणीने माझ्या आईला सांभाळलं नाही, एकशे दहा डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात म्हातारी अनवाणी बाहेर पडली तरी हिला पत्ता नव्हता, आणि तरीही ख्रिस्ताच्या नावाने मी तिला क्षमा करते. बायका ओक्साबोक्शी रडल्या. पाळक म्हणाले, की इतकी ज्वलंत साक्ष त्यांनी वर्षानुवर्षांत ऐकली नव्हती.

रेणूची प्रीता इथल्या हॉस्पिटलात इंटर्नशिपसाठी ऑगस्टपासून माझ्याकडे राहते. ती पहिल्या रांगेत होती. तिला आजवर एवढंच सांगितलं होतं, की आजी पडली. खरं तिला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती आईचा फोन उचलत नाही. मी तिला काही शिकवलेलं नाही. सत्य स्वतःच शिकवतं.

आता तुमची पाळी. तुम्हीही रेणूला क्षमा करा आणि मला फक्त ‘आमेन’ एवढं कळवा. १६ नोव्हेंबरला आईच्या वर्षाच्या स्मरणसभेत मी ती उत्तरं वाचून दाखवणार आहे. रेणू, तूही ये. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवते. सर्वांसमक्ष तुला पोटाशी धरीन.

माझे गुडघे दुखतात, बाकी ठीक. मुलांना पापे.

लोभाला ओहोटी लागू देऊ नका.
तुमची,
अहिल्या


चँडलर, ॲरिझोना
१२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

पत्र काल मिळालं. त्याच्याआधी विनयदादाचं ‘आमेन’ फॅमिली ग्रुपवर आलं होतं, मागोमाग आश्लेषावहिनीचं, मग वीणाचं, हात जोडलेल्या चित्रासकट. मला कोणीही फोन केला नाही. क्षमा झाली, आता बोलायचं काय उरलं, असं त्यांना वाटलं असेल.

इथली आमची मंडळी म्हणजे नऊ घरं. सगळ्यांनी तुझी साक्ष पाहिली. बुधवारी एक बाई फॉइलच्या ट्रेमध्ये पुलाव घेऊन आली, मयताच्या घरी आणतात तसा. दारातच म्हणाली, की तुमच्या बहिणीचं मन किती मोठं हो. आज आमच्याकडे प्रभूभोजन होतं. भाकरीचं ताट माझ्यापाशी आलं, तर शेजारणीने ते माझ्या मांडीवरून उचलून पलीकडे दिलं. वाईट हेतू नसेल. मला घ्यायची लाज वाटेल असं तिला वाटलं असावं. सुशांत उठायला लागला होता, मी त्याचा हात धरून ठेवला.

ताई, मी क्षमा मागितली नव्हती. जुने कपडे दान करताना लोक फोटो काढून घेतात, तशी तू ती दिलीस. फोटो तुझा, कपडे माझ्या अंगावर. असू दे. माझं नाव गेलं ते गेलं.

पण प्रीता मला परत दे. दुसरं काही मागत नाही. तिला एवढंच सांग, की एकदा फोन उचल. तुझं ती ऐकेल, तुझं सगळेच ऐकतात. त्या दिवसाची एक गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही, सुशांतला, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही, आणि सांगायची इच्छाही नाही. मला सांगायला लावू नकोस.

गुडघ्यांना तिळाचं तेल लाव. बेसमेंटच्या पायऱ्या सारख्या चढू नकोस. उत्तरात खुशाली विचारायची, हाही बाबांचाच नियम होता. तो तुझ्या पत्रात दिसला नाही.

असलेला लोभ असाच राहो, वाढला नाही तरी चालेल.
तुझी,
रेणू


पार्सिपनी
१७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रेणू हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाक्यं छान जमली आहेत. शाळेत निबंधाला तुला पन्नासच्या वर मार्क मिळाल्याचं आठवत नाही, पण अपराध माणसाला लेखक बनवतो असं दिसतं.

म्हणे मागितली नव्हती! क्षमा मागून मिळते हे तुला कोणी शिकवलं? क्रुसावरून प्रभूने क्षमा केली, तेव्हा खाली उभ्या असलेल्यांपैकी कोणी अर्ज केला होता? खिळे ठोकणाऱ्यांनाही ती न मागता मिळाली. तुलाही मिळाली. त्यांच्यापैकी कोणी, माझं नाव गेलं, अशी तक्रार केल्याचं मी वाचलेलं नाही.

तुझ्या शेजारणीने ताट पुढे नेलं ते मला पटत नाही. तिला तसं कळवायचं असेल तर पत्ता पाठव. पण एक विचारते. तुझा हात आधी पुढे झाला होता का? की मागेच राहिला होता?

प्रीता कुठल्या सामानासारखी माझ्याकडे पडलेली नाही, की परत पाठवू. तेवीस वर्षांची आहे. व्यवस्थित जेवते, वेळेवर कामाला जाते. परवा भांडी विसळताना म्हणाली, की उद्या मला मूल झालं तर मी ते मम्मीकडे एक तासही ठेवणार नाही. मी तिला बोलायला लावलेलं नाही. तुझ्यापासून लपवणंही बरं नाही, म्हणून लिहिलं.

आणि ती गोष्ट. गोष्ट असेल तर लिही. नसती धमकी देऊ नकोस. चार महिने बर्न युनिटच्या आणि नर्सिंग होमच्या खाटेवर आईने काय भोगलं ते मी येऊन पाहिलं आहे. दोनदा आले होते. त्याहून कडू काय सांगणार आहेस? बाबांचा नियम आहेच. काय असेल ते कागदावर काढ आणि पोस्टात टाक. आणि काही नसेल तर सोळा तारखेला मुकाट्याने ये आणि खुर्चीवर बस.

तुझी खुशाली विचारली आहे असं समज. सुशांतच्या पाठीचं कसं आहे?

आशीर्वाद आहेतच. त्यांना पात्र राहा.
अहिल्या


चँडलर
२२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

सुशांतची पाठ बरी आहे. आता लिहिते.

१४ जुलै २०२४, रविवार. सुशांत फॅक्टरीत शिफ्टला, प्रीता टूसॉनला कॉलेजात. घरात मी आणि आई. आईला तू ‘थंडीपुरती’ म्हणून आमच्याकडे पाठवलंस त्याला तेव्हा तीन थंड्या होऊन गेल्या होत्या. तिची आठवण पुसत चालली होती. मी थकले होते. आदल्या दिवशी तुला मेसेज केला, की दोन महिने तिला ने, मला एक ऑपरेशन करून घ्यायचं आहे. त्याचं उत्तर म्हणून त्या सकाळी अकराला दहा कमी असताना तुझा फोन आला.

तू बोलत होतीस. त्या सीझनला तुझी अकरा व्याख्यानं होती. कुठे कुठे, कोणत्या विषयावर, ते तू सांगितलंस. एक विषय ‘आईबापांचा मान’ हा होता, तो मला आठवतो. मग मी लहानपणापासून जबाबदारी कशी टाळते ते सांगितलंस. आमच्या पुढच्या दाराला आम्ही घंटी बसवली होती, दार उघडलं की टिंग वाजते. ती वाजली. मी तुला म्हटलं, की ताई, थांब, दार वाजलं. तू म्हणालीस, की नेहमी असाच पळ काढतेस, आज माझं पूर्ण ऐकल्याशिवाय फोन ठेवलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

मी ठेवला नाही. हा माझा गुन्हा. तो कोणी मला सांगायला नको. मोठ्या बहिणीचं बोलणं तोडायचं नाही, हे वळण अंगात इतकं मुरलं होतं, की घंटी ऐकूनही मी ओट्याला टेकून उभी राहिले. आई खुर्चीवर असेल, वाऱ्याने दार हललं असेल, असं स्वतःला समजावलं. तू सत्तेचाळीस मिनिटं बोललीस.

आई कुठे सापडली ते तुला माहीत आहे का? कधी विचारलं नाहीस. आमच्या कॉलनीत प्रत्येकाच्या दारात पेटी नाही. कोपऱ्यावर लोखंडी पत्रपेट्यांची एक चळत आहे, उघड्या उन्हात. आमची चौदा नंबरची. आई तिथे डांबरावर बसली होती. चपला घरात, दारापाशी जोडीने ठेवलेल्या. ती रोज तिथे जायचा हट्ट धरायची आणि मी रोज तिला बूट घालून, छत्री धरून न्यायची. रविवारी टपाल येत नाही हे तिला आता कळत नसे. अँब्युलन्समध्ये तिने मला ओळखलं नाही. एवढंच विचारलं, की अहिल्याचं पत्र आलं का.

तुझं शेवटचं पत्र त्याआधी चौदा महिन्यांपूर्वी आलं होतं. मधल्या काळात दोन पत्रं मीच तुझ्या अक्षरात लिहून पेटीत टाकली. आईने वाचली आणि बाजूला ठेवली. म्हणाली, ही अहिल्येची नाहीत, ती इतकं गोड लिहीत नाही.

मी हे का सांगितलं नाही? तुला वाचवायला नाही. इतकी मी चांगली नाही. पहिले दोन महिने मी तुझं मरण मागितलं, गुडघ्यावर बसून. पण आई बाकी सगळं विसरली तरी प्रभूची प्रार्थना विसरली नव्हती. सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग बदलायच्या आधी ती म्हणायला लागायची, आणि ‘आम्ही आपल्या अपराध्यांना सोडलं आहे’ या ओळीपाशी आली की थांबायची. पुढे जायचीच नाही. डोळे मिटून वाट पाहायची, मी म्हणेपर्यंत. मी म्हटलं नाही तर रात्रीपर्यंत पुढचा शब्द नाही, आणि नर्स पट्टी घेऊन ताटकळलेली. म्हणून मी म्हणायची. दातओठ खाऊन म्हणायची, तुझा चेहरा डोळ्यांपुढे आणून. खोटं बोलत होते हे देवाला माहीत होतं. दिवसातून दोनदा, तीन महिने. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मी ती ओळ म्हटली आणि माझ्या लक्षात आलं, की या खेपेस खोटं बोलले नाही.

तेव्हापासून तुला क्षमा केलेली आहे. साठ माणसं नव्हती. एक म्हातारी होती आणि तिला मी कोण हेही माहीत नव्हतं.

म्हणून तुझ्याकडून काही नको. कबुलीही नको. हे पत्र प्रीताला दाखव किंवा चुलीत घाल. दाखवलं नाहीस तर माझी मुलगी मला मिळणार नाही, तरीही क्षमा मागे घेणार नाही. ती आता माझ्या हातात राहिलेली नाही. पण क्षमा केली म्हणजे मला तुझा आवाज ऐकवेल, असं मात्र समजू नकोस. खुर्ची दुसऱ्या कोणाला दे.

गुडघे सांभाळ.
रेणू


पार्सिपनी
२८ ऑक्टोबर २०२५

डिअर मम्मी,
सलाम.

मराठी आजीने शिकवलं तेवढंच येतं, मिस्टेक्स असतील. फोनवर मी रडेन आणि तू ‘इट्स ओके’ म्हणशील, म्हणून लिहिते.

काल ब्रेकफास्टला मावशीने तुझं लेटर माझ्या प्लेटशेजारी ठेवलं. म्हणाली, वाच, आणि लाँड्री टाकायला बेसमेंटमध्ये गेली. मी दोनदा वाचलं. मग खाली गेले. मावशी पायरीवर बसली होती. मशीन चालू नव्हतं, कपडेही नव्हते. मी विचारलं, की हे खरं आहे का. शी सेड येस. मग मी विचारलं, की तुला हे आधीपासून माहीत होतं का. त्याला ती काही बोलली नाही. मम्मी, मी मावशीला कधीच गप्प बघितलेलं नाही. इट वॉज स्केरी.

मी जे बोलले होते, बेबी तुझ्याकडे ठेवणार नाही ते, मावशीने तुला लिहिलं हे मला माहीत नव्हतं. पण मी बोलले होते. ते मी पुसू शकत नाही. ‘सॉरी’ खूप लहान शब्द आहे, तो लिहीत नाही.

आणि मला तुझाही राग आला आहे. तू मला तीन आठवडे तुझा द्वेष करू दिलास. एक वर्ष ‘आजी पडली’ सांगितलंस. मी कोणी लहान मुलगी आहे का? हे मला फरगिव्ह करायला वेळ लागेल. तुला तीन महिने लागले, मला पण दे.

पण तोपर्यंत मी घरी येते आहे. शुक्रवारची फ्लाइट आहे, हॉस्पिटलमध्ये एक आठवड्याची सुट्टी मागितली. लेटर आधी पोचेल की मी, माहीत नाही. रविवारी तुझ्याबरोबर चर्चला येणार. ताट जिकडून येईल त्या बाजूला मी बसणार. बघू मांडीवरून कोण नेतं.

पप्पांना हग. राग आहे तरी लव्ह यू.
प्रीता


पार्सिपनी
४ नोव्हेंबर २०२५

चि. विनय, चि. सौ. आश्लेषा आणि चि. वीणा,
सर्वांस सलाम.

माझ्या मागच्या पत्राला ज्यांनी पाच मिनिटांच्या आत ‘आमेन’ म्हटलं, ती तुम्ही माणसं आहात. आपल्या उरात एकच सल आहे असं मी तुम्हाला लिहिलं होतं. तो सल मी तयार केला, तुम्ही तो विकत घेतला. आता ऐका.

सोबत रेणूच्या पत्राची झेरॉक्स जोडली आहे. एकही ओळ गाळलेली नाही. आधी ते वाचा, मग पुढे या.

वाचलंत? त्यातलं सगळं खरं आहे, आणि जे तिला माहीत नाही ते मी सांगते. त्या दिवशी पाच वाजता सुशांतचा हॉस्पिटलातून फोन आला, तेव्हाच मला कळलं होतं. त्याचं बोलणं संपल्यावर मी फोनमधली कॉलची यादी पाहिली. रेणू, एक पन्नास, सत्तेचाळीस मिनिटं. तिकडचे अकराला दहा कमी. ती ओळ मी त्याच संध्याकाळी पुसून टाकली. त्यानंतर सव्वा वर्षं मी रोज प्रार्थना केली, उपास केले, बायबल वाचलं, व्याख्यानं दिली. ‘थांब, दार वाजलं’ हे शब्द मला ऐकू येऊ नयेत म्हणून मी बोलत राहिले. शेवटी साक्षीला उभी राहिले आणि माझा अपराध तिच्या नावावर चढवून तिला क्षमा केली. आपल्याच पापाची क्षमा दुसऱ्याला वाटणं, याहून स्वस्त पुण्य मी पाहिलेलं नाही.

परवा, दोन तारखेला, त्याच जागी, त्याच मायक्रोफोनसमोर मी पुन्हा उभी राहिले आणि हे सगळं बोलले. लाइव्हही होतं. काय झालं असेल? बायका ओक्साबोक्शी रडल्या. पाळक म्हणाले, की केवढी ही नम्रता. चहाच्या वेळी दोन मंडळ्यांनी मला नाताळच्या भाषणाचं आमंत्रण दिलं. रेणूच्या तळहातावर त्यातलं काय पडलं? काहीच नाही. माझ्या जिभेला देवाने हा शाप दिला आहे, की तिच्यावरून उतरलेली राखसुद्धा लोकांना फुलं वाटते. दोन्ही आमंत्रणं मी नाकारली. भाकर घेतली नाही. सलाम झालेला नाही.

रेणूने मला वर्षापूर्वीच क्षमा केली आहे, हे वाचून तुम्हाला वाटेल, की आता ताई सुटली. बाबांनो, मी सुटले नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर लिहिलं असतं. या क्षमेला उत्तर नाही. जिच्याकडून घ्यायची तिच्यासमोर जाऊन, हात पुढे करून ती घ्यावी लागते, आणि माझे हात पुढे होत नाहीत. ताटासाठी तुझा हात पुढे झाला होता का, असं मी तिला विचारलं होतं. तो प्रश्न आता माझ्याच दारात येऊन बसला आहे.

सोळा तारखेची इथली सभा रद्द केली आहे. मी चँडलरला जाते. रेणूचा निरोप प्रीताने काल कळवला. येऊ दे म्हणाली, पण एक अट आहे. मी तोंड उघडायचं नाही. प्रार्थना म्हणायची नाही, आईविषयी दोन शब्द बोलायचे नाहीत, रडायचंही नाही. सलाम करायचा आणि जेवायला बसायचं. जन्मात मला कोणी एवढी कठीण शिक्षा दिली नव्हती. मी मान्य केली आहे.

प्रीताच्या बोलण्यातून आणखी एक कळलं. आईच्या चपला अजून त्याच दारापाशी, तशाच जोडीने ठेवलेल्या आहेत. त्यांच्या शेजारी मला माझ्या काढाव्या लागतील.

तुम्हाला मी एकच काम सांगते आणि ते टाळू देणार नाही. ग्रुपवर लिहायचं नाही, फोन करायचा नाही, हात जोडलेली चित्रं पाठवायची नाहीत. मला उत्तर लिहूच नका. विनय, कंपनीची शटल सुटायला वेळ असेल तेवढ्यात लिही. वीणा, तुझं अक्षर वाईट आहे, तसंच लिही. ‘न विचारता आमेन म्हटलं, चुकलो’ एवढं पुरे. सारवासारव नको, वचन नको, माझा उल्लेख तर नकोच. आई त्या पेटीपाशी अनवाणी बसली आणि आपल्यापैकी एकाचंही पत्र तीत नव्हतं. मी सोळा तारखेला पोचेन तेव्हा ती रिकामी असता कामा नये.

माझ्यावरचा लोभ काही दिवस रेणूकडे वळवावा.
तुमची,
अहिल्या

ता. क. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. रेणू, चँडलर, ॲरिझोना, चौदा नंबरची पेटी. कागद घ्या, लिहा, आणि आजच्या आज स्वतः जाऊन पोस्टात टाका.